सॉरी म्हणजे कुठलं

"फसफस? कसली फसफस? सोडावॉटर हाय का काय?"

सर असं म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. मी उभीच होते. आठवीचा वर्ग, इंग्रजीचा तास. सरांनी फळ्यावर रोजच्या वापरातले शब्द लिहिले होते आणि एकेकाला उठवून अर्थ विचारत होते. थँक्यूचा अर्थ एकाने सांगितला. प्लीजचा दुसरीने सांगितला. माझ्या वाट्याला सॉरी आला. मी म्हणाले, "अफसोस."

मला तसंच शिकवलं होतं. सातवीपर्यंत मी मिरजेला खालाकडे, मावशीकडे राहिले, तिथल्या उर्दू शाळेत शिकले. मग अम्मी आजारी पडली आणि मला गावी आणलं. आमचं गाव कुंडलच्या बाजूला, उसाचं. गावात उर्दू शाळा नव्हती, होती ती मराठी हायस्कूल. मराठी मला बोलता यायची, गल्लीत सगळी तीच बोलायची. वाचताना मात्र अडखळायचे.

"मराठी शाळंत मराठीत सांगायचं," सर म्हणाले. "क्षमा. म्हण, क्षमा."

"शमा," मी म्हणाले. माझ्या जिभेला तो क्ष वळेना.

"शमा तुझी मावशी आसंल. क्षमा म्हण."

पुन्हा शमाच आलं. पोरं बाकांवर हात आपटून हसायला लागली. सरांनी त्यांना गप्प केलं नाही. सर खुशीत होते. म्हणाले, "आता सगळ्या वर्गाला सॉरी म्हण. तुझ्यापायी तास वाया गेला."

मी वर्गाकडं तोंड केलं आणि म्हणाले, "सॉरी." शब्द स्वच्छ आला. तेवढाच एक शब्द त्या दिवशी मला नीट म्हणता आला.

त्या दिवसापासून माझं नाव पडलं अफसोस. ए अफसोस, पाणी आण. ए अफसोस, सरक तिकडं. दहावी होईपर्यंत मला कुणी माझ्या नावानं हाक मारली नाही. आठवीच्याच वर्षी थंडीत मुंबईच्या दंगलीच्या बातम्या यायला लागल्या, तेव्हा हाक मारायची तऱ्हा बदलली. आधी चेष्टेनं मारायचे, आता दात दाबून मारायचे. मी काय केलं होतं? काही नाही. तरी मी सॉरी म्हणायचे. बाकावर बसताना सॉरी. उत्तर द्यायला उठताना सॉरी. कुणी मला धक्का दिला तरी मीच सॉरी.

घरी सांगून उपयोग नव्हता. अब्बा पिंजारी. गाद्या-उशांचा कापूस पिंजून देणारे. खांद्यावर धनुकली घेऊन गावोगाव हिंडायचे. सरांच्या घरचं मोठं काम दरवर्षी अब्बांकडंच असायचं, लग्नसराईच्या आधी सगळ्या गाद्या नव्यानं भरून द्यायच्या. अब्बा त्यांच्या अंगणात बसून कापूस पिंजायचे. नाकातोंडात, भुवयांवर कापूस. सर ओट्यावर पेपर वाचत बसलेले. अशा माणसाला अब्बा काय जाब विचारणार?

मी फक्त एवढंच विचारलं होतं, "अब्बा, सॉरी बोले तो क्या?"

"मेरेकू क्या मालूम," अब्बा म्हणाले. "साहब लोगां का लफ्ज है."

आमच्या घरात तो शब्द नव्हताच. मिरजेच्या पोरांच्या तोंडी होता. पायावर पाय पडला, सॉरी यार. वेळेवर आला नाही, सॉरी बोला ना. पण घरात दोन वेगळे शब्द होते आणि त्यांची कधी गल्लत होत नसे. कुणाचं माणूस गेलं, कुणाचं घर जळलं, की अफसोस. त्यासाठी लोक पुरसा द्यायला, सांत्वनाला यायचे, जवळ बसायचे, उठून जायचे. त्यात कुणाचा दोष नसतो. आणि आपण कुणाचं वाईट केलं असेल तर माफी. माफी मागायची म्हणजे त्या माणसापुढं जायचं, काय केलं ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं, आणि तो 'माफ किया' म्हणेपर्यंत थांबायचं. तो नाही म्हणाला तर नाही.

दादी मरायला टेकली तेव्हा तिनं शेजारच्या पाटलीणबाईंना बोलावून घेतलं होतं. त्यांच्या विहिरीवरनं दोघींचं कधीकाळी भांडण झालं होतं. दादी म्हणाली, "आवं वैनी, मी तुमास्नी लय वंगाळ बोलले व्हते. तुमच्या ल्योकाला शाप दिला व्हता. माफ करा." पाटलीणबाई म्हणाल्या, "आसं नका बोलू भाभी." दादी म्हणाली, "तसं न्हाई. केलं म्हणा." मग त्या बाई रडल्या आणि म्हणाल्या, "केलं." तेव्हा दादीनं डोळे मिटले. मी दाराआड उभी राहून ते पाहिलेलं आहे.

बारावी झाल्यावर मी पुन्हा मिरजेला गेले. खालाच्या ओळखीनं एका खाजगी दवाखान्यात काउंटरवर लागले. दवाखान्याचं नाव सांगत नाही. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातनं, अथणी, विजापूरकडनं पेशंट येतात. त्यात आमच्यासारखी दखनी उर्दू बोलणारी माणसं पुष्कळ. त्यांना मराठी पुरतं कळत नाही, डॉक्टरांना त्यांची बोली कळत नाही. म्हणून मला घेतलं. पावत्या फाड, फोन घे, आणि बुरख्यातली बाई आली की मोठे डॉक्टर केबिनमधनं ओरडायचे, "अगं ए, तुमचे लोक आलेत. बघ काय म्हणतात."

तुमचे लोक. मी कुंडलकडची, ती बाई विजापूरची. तिला मी आयुष्यात पाहिलेलं नसायचं. तरी आमचे लोक.

मी जायचे. डॉक्टर सांगतील ते तिला सांगायचे, ती सांगेल ते डॉक्टरांना. तीन वर्षं तेच केलं. नोकरी बरी होती. घरी अम्मीची औषधं त्यावर चालायची. डॉक्टर कुणाला हात लावत नसत, शिवी देत नसत. फक्त नावानं हाक मारत नसत.

मग रजिया आली.

अथणीच्या अलीकडच्या खेड्यातली. दुसरं बाळंतपण. सोबत तिची आई हुसेनबी आणि नवरा मौला. मौला दगडाच्या खाणीवर कामाला, बोलायला बुजणारा. बोलायची ती हुसेनबी. ठेंगणी, पान खाणारी, आल्या आल्या तिनं मला विचारलं, "तू किनकी बेटी गे?" मी अब्बांचं नाव, गावाचं नाव सांगितलं. "पिंजारे की," ती म्हणाली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या दवाखान्यात मला तसं कुणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी डॉक्टरांच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. सकाळी येऊन ते रजियाला बघून गेले, म्हणाले, वेळ आहे अजून. दुपारी बाळंतपण कांबळे सिस्टरनी केलं. मुलगी झाली. रडली चांगली. मी बाहेर येऊन हुसेनबीला सांगितलं, तिनं पदराची गाठ सोडून मला खडीसाखर दिली.

थोड्या वेळानं सिस्टर धावत काउंटरवर आल्या. त्यांचे हात कोपरापर्यंत लाल. "सरांना फोन लाव. रक्त थांबत न्हाई. म्हणावं लगेच या."

मी फोन लावला. तिकडं सनई वाजत होती, भांड्यांचा आवाज येत होता. डॉक्टर आले फोनवर. मी सिस्टरांचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"पंगत बसलीय," ते म्हणाले. "सलाईन चालू ठेवा. येतो."

आले नाहीत. बंगला काही लांब नव्हता, रिक्षानं दहा मिनिटं. सिस्टरनी पुन्हा फोन करायला लावला. या खेपेला डॉक्टर चिडले. "सांगितलं ना येतो म्हणून. सारखं सारखं काय?" आणि ठेवला.

रक्ताची बाटली आणायला चिठ्ठी लागते, चिठ्ठीवर त्यांची सही लागते. सिस्टर दुसऱ्या दवाखान्यातनं कुणी डॉक्टर मिळतो का बघायला माणूस पाठवत होत्या, कुणी मिळाला नाही. मौला जिन्यावर उभा राहून प्रत्येक रिक्षाकडं बघत होता. मोठे डॉक्टर आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. कपाळाला गंध, अंगावर रेशमी कुडता. आत गेले. बाहेर आले. बेसिनवर हात धुतले, पुष्कळ वेळ धुतले. मग मला केबिनमध्ये बोलावलं.

"गेली," म्हणाले. "तू त्यांना सांग. तुमच्या भाषेत सांग. आम्ही खूप प्रयत्न केले. सॉरी म्हणावं."

मी व्हरांड्यात गेले. हुसेनबी बाकावर बसली होती, मांडीवर ती तांबडी लाल पोर. माझ्याकडं बघून तिला कळलं असणार. मी सांगितलं. ती ओरडली नाही. मौला खाली बसला, तिथंच, पायरीवर, आणि भिंतीला डोकं लावलं. मग मी म्हणाले, "डॉक्टरसाब सॉरी बोले."

हुसेनबीनं पोरीवरचं फडकं सारखं केलं. मग मला विचारलं, "सॉरी बोले तो क्या बोले?"

तिनंच पुढं विचारलं.

"मेरेकू अंग्रेजी नै समजती बेटी. अफसोस करते बोले क्या माफी मांगते बोले?"

माझ्या कानात अजून ती सनई वाजत होती.

"पूछको आ," ती म्हणाली. शांतपणे म्हणाली. शेजारणीकडनं विरजण आणायला सांगावं तशी.

मी परत केबिनमध्ये गेले. डॉक्टर कुडत्याची बाही बघत होते, तिला डाग पडला होता. मी म्हणाले, "सर, त्या विचारतात सॉरी म्हणजे कुठलं? वाईट वाटतं ते, का चुकलं ते?"

मला वाटलं होतं ते गोंधळतील. नाहीतर म्हणतील, एवढा कसला फरक? मला शाळेत सगळ्यांनी हेच शिकवलं होतं, की हा फरक फक्त माझ्या जिभेत आहे, माझ्या अडाणीपणात आहे. पण डॉक्टर गोंधळले नाहीत. त्यांनी मान वर केली आणि लगेच म्हणाले, "चुकलं असं मी म्हटलंय का? तो शब्द काढायचा नाही. वाईट वाटतं म्हणायचं. अफसोस का काय ते म्हण तुमच्यातलं. तेवढंच. आणि फोनचं कुणाजवळ बोलायचं नाही."

तेव्हा माझ्या अंगातनं काहीतरी सरसर खाली उतरलं. भीती म्हणतात ती असेल. ती उतरली आणि परत चढली नाही.

यांना माहीत होतं. यांना पहिल्यापासून माहीत होतं. दोन्ही अर्थ माहीत होते, कुठला कुणाला द्यायचा तेही माहीत होतं. म्हणून तर तो शब्द वापरत होते. मी इतकी वर्षं त्या शब्दात माफी भरून देत आले होते. सरांना, वर्गाला, धक्का देणाऱ्यांना. आणि वरनं खाली येताना त्यातली माफी काढून घेतलेली असायची. रिकामं टरफल हातात यायचं. तेही माझ्याच हातून द्यायचं होतं, माझ्याच बोलीत, एका बाईला, जिची लेक आत झाकून ठेवली होती.

मी बाहेर गेले. कांबळे सिस्टर दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. मला म्हणाल्या, "पोरी, इचार करून बोल. आजारी आई हाय तुला." त्या माण तालुक्यातल्या. नवरा मुंबईत गिरणीत होता, गिरणी बंद पडली, सगळं घर त्यांच्यावर. मी त्यांना आजही दोष देत नाही.

मी हुसेनबीपुढं खाली बसले. सांगितलं, "अफसोस करते बोले. माफी नै मांगते." मग पुढचं सांगितलं. फोन मी लावला होता. दोन वेळा. पंगत बसली होती. मौलानं मान वर करून ऐकलं. हुसेनबीनं सगळं ऐकून घेतलं आणि पोर माझ्या हातात दिली. उठली. केबिनचं दार ढकलून आत गेली.

आत ती काही फार बोलली नाही. मी दारातच होते पोरीला घेऊन. ती म्हणाली, "तुम खाते बैठे थे. मेरी बेटी मरी. माफी मांगो."

डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाले, "हिला बाहेर ने."

मी नेलं नाही. हुसेनबी उभी राहिली. तिला उत्तर हवं होतं, हो किंवा नाही. डॉक्टर फोन उचलून कुणाशी तरी बोलायला लागले, गाडी पाठवा म्हणाले, आणि मागच्या दारानं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या स्टाफला खाली बोलावलं. सिस्टर, आया, कंपाउंडर, झाडूवाली, सगळे रांगेत. डॉक्टर म्हणाले, "ज्या ताटात खाल्लं त्यातच घाण केली. पण मी माणूस मोठ्या मनाचा. सगळ्यांसमोर सॉरी म्हण, म्हण माझा ऐकण्यात घोळ झाला. कामावर राहा."

मी म्हणाले, "सॉरी कुठलं सर? सांगितल्याचं मला वाईट वाटलेलं न्हाई. माझं चुकलेलंबी न्हाई."

मी चप्पल घातली आणि निघाले.

वाटलं, संपलं. पण अशा लोकांचे हात लांब असतात. डॉक्टरांच्या ओळखीच्या, आमच्या गावच्या एका बागायतदाराकडनं अब्बांना निरोप गेला. पोरीला माफी मागायला लावा, नाहीतर यंदा गावातलं गाद्यांचं सगळं काम दुसऱ्याला. आठ दिवसांत अब्बा मिरजेला आले. धुतलेला पायजमा, सणाची टोपी. खालाकडं चहासुद्धा घेतला नाही, सरळ दवाखान्याकडं निघाले. खालानं मला शिवणाच्या दुकानातनं बोलावून घेतलं. मी तिथं काज-बटणाचं काम धरलं होतं. मी पळत गेले. अब्बा फाटकाशी उभे होते, टोपी सारखी करत.

"मैं मांग लेतूं," अब्बा म्हणाले. "तू नक्को मांगू. बाप हूं ना. मेरा क्या जाता?"

मी त्यांचा हात धरला. कापूस पिंजून पिंजून त्यांची बोटं वाकडी झालेली. मी म्हणाले, "अब्बा, तुम क्या करे थे? बोलो. क्या किया बोलको माफी मांगते?"

अब्बांना काही आठवेना. ते खरंच आठवायला लागले, हेच मला सोसलं नाही. इतकी वर्षं वाकून वाकून त्यांना वाटायला लागलं होतं की शोधलं तर काहीतरी सापडेलच. फाटकातला वॉचमन म्हणाला, "चाचा, जायाचं तर जा, न्हाईतर बाजूला व्हा." मी अब्बांना बाजूला घेतलं. रस्त्याच्या पलीकडं नेलं. एस.टी. स्टँडपर्यंत आम्ही दोघं चालत गेलो. गाडीत बसताना ते म्हणाले, "काम जाएगा." मी म्हणाले, "हौ. जाएगा."

गेलं. त्या वर्षी लग्नसराईत अब्बा घरी बसून राहिले. धनुकली आढ्याला टांगलेली. अम्मी माझ्याशी महिनाभर बोलली नाही. मी मागं फिरले नाही.

मौलानं सांगलीच्या कोर्टात दावा लावला. त्याला कुणीतरी वकील मिळवून दिला. साक्षीदार मी. कांबळे सिस्टरनी लिहून दिलं की मला काही आठवत नाही. पहिल्या तारखेला दवाखान्याच्या वकिलानं मला बाहेर व्हरांड्यात गाठलं. गोड बोलणारा माणूस. म्हणाला, "ताई, तुम्ही तरुण आहात. आत एवढंच म्हणा, गैरसमज झाला, सॉरी. विषय संपतो."

"मला विषय संपवायचा न्हाई," मी म्हणाले.

आत त्यानं मला तासभर उलटंसुलटं विचारलं. नोकरीवरनं काढलं म्हणून राग आहे ना? मी म्हणाले, मला काढलं नाही, मी निघाले. डॉक्टर दुसऱ्या धर्माचे म्हणून बोलताय ना? मी म्हणाले, सिस्टरबी दुसऱ्या धर्माच्याच. त्यांनी कोपरापर्यंत रक्तात हात घालून बाई वाचवायला बघितली. त्यांच्याविरुद्ध मी बोलले का? त्यावर तो खाली बसला. पण तारीख पुढं गेली.

तारखा पडतच आहेत. मौलानं दुसरं लग्न केलं, तो आता येत नाही. हुसेनबी येते. अथणीहून एस.टी.नं, नात बरोबर घेऊन. नात आता चालते, कोर्टाच्या ओट्यावर चढते-उतरते. मागच्या तारखेला आमचाच वकील म्हणाला, तडजोड करून टाका मावशी, त्यांची पैसे द्यायची तयारी आहे. हुसेनबीनं त्याला विचारलं, डॉक्टर माफी मागायला येणार आहे का? वकील म्हणाला, तसं होत नसतं. हुसेनबी म्हणाली, मग पुढची तारीख घ्या.

निकाल काय लागेल ते मला ठाऊक नाही. बहुतेक आमच्या बाजूनं लागायचा नाही, एवढी दुनिया मी बघितली आहे. डॉक्टरांचा दवाखाना जोरात चाललाय. काउंटरवर आता दुसरी मुलगी आहे, तीही आमच्यातलीच. पण मला बोलावतील तेव्हा मी जाणार. काज-बटणाचं काम टाकून जाणार. जेवढ्या वेळा विचारतील तेवढ्या वेळा तेच सांगणार, त्याच शब्दांत. ज्याचं चुकलं तो चुकलं म्हणेपर्यंत मी गप्प बसणार नाही. आणि मी काही केलेलं नसताना ह्यापुढं कुणाची माफी मागणार नाही. इंग्रजीत नाही, मराठीत नाही, उर्दूत नाही.